अनुभव धागा: न्यायमूर्ती विल्फ्रेड त्सुकियामा आणि आपण

होनोलुलूत राजा कामेहामेहाच्या पुतळ्यापाशी फोटो काढून बहुतेक जण निघतात. मी मागच्या अलीईओलानी हाले या इमारतीत शिरले. हवाईचं सर्वोच्च न्यायालय तिथेच भरतं, खाली छोटं संग्रहालय आहे. तेव्हापासून तिथले एकेकाळचे सरन्यायाधीश त्सुकियामा डोक्यातून जात नाहीत. जन्म १८९७चा, आईवडील जपानहून आलेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात, मग शिकागोला कायद्याचं शिक्षण, पुढे हवाईच्या सिनेटचे अध्यक्ष. १९५९ साली हवाई अमेरिकेचं राज्य झालं. त्या वर्षी ते अमेरिकी सिनेटची निवडणूक हरले आणि त्याच वर्षी राज्याचे पहिले सरन्यायाधीश झाले. त्यांच्या आईवडिलांच्या पिढीला मात्र १९५२पर्यंत नागरिकत्वाचा दरवाजा कायद्यानेच बंद होता.

कोर्ट, वकिली, नागरिकत्व यांतलं तुम्ही जगलेलं काही असेल तर जरूर लिहा.

सॅन होजेहून
लेक जन्माने अमेरिकी, आम्ही दोघं अकरा वर्षं ग्रीनकार्डच्या रांगेत. म्हणून वाचताना पोटात तुटलं. हवाईतच राहणाऱ्या ताकाओ ओझावांना १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'गोरे नाहीत' म्हणून नागरिकत्व नाकारलं. तीन महिन्यांनी पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंड यांनाही. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. हे नाव वाचून मी खुर्चीतून उठलेच! पुढे सरकार पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं. ते कोर्टात लढले आणि त्यांनी ते राखलं.

होनोलुलूहून
आमच्या इमारतीतल्या जपानी आजी सांगायच्या, १९४१ साली जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर त्यांच्या आईने बाहुल्या आणि जपानहून आलेली पत्रं परसात पुरली. लष्करी कायदा लागला होता, नागरी कोर्टं बंद, खटले लष्करापुढे. अठरा वर्षांनी त्याच शहरात जपानी आडनावाचे सरन्यायाधीश बसले. आजींच्या वडिलांनी वर्तमानपत्राचं ते पान घडी करून ठेवलं होतं. मी ते हातात घेतलं आहे.

डहाणूहून
ज्या कायद्याने बापाला दाराबाहेर ठेवलं, तोच कायदा शिकायला लेकरू जातं, हे मला नवं नाही. आमच्या पाड्यावरची मी पहिली वकील. जमिनीच्या केसची तारीख असली की बाबा कोर्टाच्या दारात चपला काढायचे. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. मी पहिलं वकीलपत्र दाखल केलं त्या दिवशी ते चपला घालून आत आले, मागच्या बाकावर बसले. दोन मिनिटांत पुढची तारीख पडली. तरी कोर्ट उठेपर्यंत ते हलले नाहीत.