व्हिलनचा दोनशे वर्षांचा प्लॅन प्लेअर्सना दिसतच नाहीये, काय करू?

लिचची_वहिनी:
मंडळी, मदत हवीये. दीड वर्ष आमचं डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायचा गेम) चालू आहे, दर दुसऱ्या शनिवारी रात्री, चार प्लेअर आणि मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी. जग फरगॉटन रेल्म्स (या गेमचं एक तयार काल्पनिक जग), साल तिथल्या कालगणनेत १३७२ डीआर, म्हणजे थेयमधली यादवी पेटायला अजून तीन वर्षं आहेत. मेन व्हिलन सास टॅम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, थेय देशावर आठ झुल्कीर राज्य करतात, जादूच्या आठ शाखांचे आठ प्रमुख, त्यातला नेक्रोमन्सीचा, म्हणजे प्रेतांच्या जादूचा हा. आणि हा लिच आहे, मरून दोन शतकं उलटली तरी खुर्ची सोडत नाही (आपल्याला हा प्रकार नवा नाही).

तर मी त्याच्या कारस्थानाच्या १४ पानांच्या नोट्स काढल्यात, कुठला माणूस कुठे पेरलाय, कोणाला कधी उडवायचं, सगळं. आणि प्लेअर्सना त्यातलं शून्य कळलंय. ज्या नेक्रोमन्सरच्या तोंडून अर्धा प्लॅन बाहेर येणार होता त्याला त्यांनी तोंड उघडायच्या आत पुलावरून ढकलून दिला, मग तीन सेशन एका चोरीला गेलेल्या बकरीच्या मागे. नाव पण लक्षात राहत नाही, 'सासरेबुवा' म्हणतात त्याला. परवा एकाने विचारलं, सासरेबुवा चांगले की वाईट?? मला रडू यायचं बाकी होतं.

वीसचा_फासा:
हाहा सासरेबुवा बेस्ट आहे, मी ढापणार.

ताई, प्रॉब्लेम तुमच्या १४ पानांत आहे, प्लेअर्समध्ये नाही. कारस्थान नीट चाललं असेल तर ते दिसणारच नाही ना, दिसलं तर ते कारस्थान कसलं. म्हणून प्लॅन दाखवायच्या भानगडीत पडू नका, प्लॅनमुळे कोणाचं काय बिघडलं ते दाखवा. रेल्म्सच्या मूळ कथेतच बघा, १३७५ मध्ये ट्रान्सम्युटेशनचा, म्हणजे रूप पालटायच्या जादूचा झुल्कीर ड्रक्सस रीम मारला जातो, मग पूर्वेच्या डोंगरांतून प्रेतांच्या फौजा पायरॅडोस भागात उतरतात, सगळीकडे घबराट, आणि अशा वेळी टॅम म्हणतो की संकट मोठं आहे, मला रीजंट करा, म्हणजे सगळ्यांच्या वरचा कारभारी, मी सांभाळतो. खून त्याचाच, प्रेतंही त्याचीच. आग आपणच लावायची आणि पाण्याचा टँकर घेऊन पण आपणच यायचं. आता हे पायरॅडोसच्या शेतकऱ्याच्या बाजूने बघा, त्याला काय दिसतं? स्मशान उकरलेलं दिसतं आणि सरकारी माणूस लगेच मदतीला आलेला दिसतो. जरा जास्तच लगेच. तो 'जरा जास्तच लगेच' टेबलवर आणा, बाकीचं प्लेअर्स स्वतः जोडतात.

आणि कॅलेंडर वापरा प्लीज. रेल्म्समध्ये महिना ३० दिवसांचा आणि आठवड्याऐवजी दहा दिवसांचा टेनडे असतो. दर टेनडेला टॅमची एकच चाल, एका ओळीत. १४ पानं नाही, एक ओळ. प्लेअर्स बकरी शोधत बसले तर बसू दे, ती चाल पुढे सरकते.

कोकणी_ड्रॅगन:
वरचा प्रतिसाद बरोबर आहे पण माझा अनुभव थोडा वेगळा, जरा लांबण लागेल.

मी पण थेयच घेतलं होतं आणि माझ्याकडे पण प्लेअर्सना घेणंदेणं नव्हतं. मग मला एन्क्लेव्ह सापडले. थेयचे रेड विझर्ड (तिथले सत्ताधारी जादूगार) दुसऱ्या देशांच्या शहरांत वसाहती काढतात, भिंतीच्या आत कायदा थेयचा, आणि दुकान मांडतात जादूच्या वस्तूंचं. स्वस्त माल. आता मला सांगा, हीलिंग पोशन (जखमा भरायचं औषध) स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर कुठली पार्टी, म्हणजे प्लेअर्सची टोळी, विचारणारे की पैसा कुठे जातो? माझी तर रांग लावून घेत होती.

तर मी एक वही केली, वाण्याकडे उधारीची असते तसली लाल कापडी बांधणीची, आमच्याच नाक्यावरून घेतली. एन्क्लेव्हमधून काही घेतलं की दुकानदार वही पुढे करायचा आणि खेळणाऱ्याने खरोखरच्या पेनाने आपल्या कॅरेक्टरच्या नावाने सही करायची. कधी पैसे नसले तर दुकानदार म्हणायचा राहू दे हो, एवढी पेटी पुढच्या गावात पोचवा. किंवा, तुमच्या त्या जहागीरदारांची तब्येत कशी आहे आता? किंवा जुन्या रणांगणाचा रस्ता विचारायचा. पोरं भराभर सांगायची, वर डिस्काउंट मागायची.

आठ महिन्यांनी जहागीरदार मेला आणि उठून बसला, त्या रणांगणातून फौज निघाली. मी काही बोललो नाही, वही टेबलच्या मधोमध ठेवली. त्यांनी पानं उलटली, सगळीकडे त्यांच्याच सह्या. आमचा बार्ड (शाहीर कॅरेक्टर खेळणारा) एरवी तोंड मिटत नाही, तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून टॅमचं नाव कोणी विसरलं नाही.

निशाचर७:
मस्त किस्सा. फक्त एक दुरुस्ती, एन्क्लेव्ह म्हणजे टॅमची खाजगी दुकानं नव्हेत. परदेशी व्यापाराच्या गिल्डचा प्रमुख सामस कुल, त्यात गडगंज झालेला माणूस. पण गंमत बघा, ड्रक्सस रीमची खुर्ची रिकामी झाली तिच्यावर हाच सामस कुल बसतो, तोही टॅमच्या पाठिंब्याने. आणि पुढे लढाईत हाच टॅमच्या विरुद्ध बाजूला उभा राहतो. म्हणजे दोनशे वर्षं मुरलेल्या लिचचा पण अंदाज चुकतो.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण व्हिलनला सगळं आधीच माहीत होतं असं करणारे डीएम माझ्या डोक्यात जातात. प्लेअरने काहीही केलं तरी 'हाहा हे माझ्या योजनेतच होतं'. अरे मग आम्ही फासे कशाला टाकतोय, तूच गोष्ट सांग, आम्ही भजी खातो. मूळ कथेत टॅमचा प्लॅन कितीदा फसलाय मोजा. रीजंट करायला बाकीच्यांनी नकार दिला. मग दहा वर्षं युद्ध. १३८५ मध्ये स्पेलप्लेग येऊन जादूच कोलमडली, हे तर कोणाच्याच नोट्समध्ये नव्हतं. देश शेवटी हातात आला तो उजाड. मग त्याने ड्रेड रिंग्ज बांधायला घेतल्या, सगळं जग मोडून नवं घडवायला, तेही पार पडलं नाही. तरी गडी थांबत नाही, कारण वेळेची घाई त्याला नाहीच. फिलॅक्टरी (लिचचा जीव ठेवलेली वस्तू) शाबूत असली की गेमच्या फिफ्थ एडिशनच्या नियमांत एक ते दहा दिवसांत नवं शरीर तयार, म्हणजे फार तर एक टेनडे. तुमच्या पार्टीने मारलं तर तो पुढच्या टेनडेला कामावर हजर.

त्यामुळे ताई, नेक्रोमन्सर पुलावरून पडला तर पडू दे. टॅमला आता नवा माणूस लागेल, घाईत मिळालेला, थोडा कच्चा. तो चुका करेल. त्या चुका प्लेअर्सना सापडू देत.

वीसचा_फासा:
+१. आणि तो कच्चा माणूस बकरीच्या मालकाचा भाऊ करा, तीन सेशन वाया गेले असं वाटणार नाही.

लिचची_वहिनी:
बकरीच्या मालकाचा भाऊ!! हे मला का नाही सुचलं.

१४ पानं बाजूला ठेवलीत, एका ओळीवर आलेय. हॅमर महिन्यापासून एलिंटपर्यंतच्या चाली फ्रिजवर चिकटवल्यात, नवरा विचारतोय दुधाचा हिशोब का. आणि कोकणी_ड्रॅगन, वही ढापली, सॉरी. लाल नाही मिळाली, निळी आहे.

काल रात्री नदीकाठच्या गावात एन्क्लेव्ह उघडला. दुकानदारीण एकदम गोड बाई केलीये, येणाऱ्याला आधी पाणी विचारते. पार्टीने सहा पोशन घेतली. तिने वही पुढे केली, तर आमच्या पॅलाडिनने (धर्मयोद्धा खेळणाऱ्याने) झोकात सही केली आणि स्वतःहूनच विचारलं, खाली पत्ता पण लिहू का?

म्हटलं, लिही की.