मदत हवी आहे : खुल्या समुद्रात तेल सोडून आलेल्या परदेशी जहाजावर बंदराचा अधिकार किती?

मंडळी, सागरी कायद्याचा अभ्यास करतोय आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. समजा, जहाजाने खुल्या समुद्रात बिल्जचं (जहाजाच्या तळाशी साचणारं) तेलकट पाणी सोडलं. मार्पोलनुसार (जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणारा आंतरराष्ट्रीय करार) १५ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १५ भाग) जास्त तेल असलेलं असं पाणी सोडता येत नाही. पुढच्या बंदरात तपासणी झाली तेव्हा सेपरेटरला (पाण्यातून तेल वेगळं करणारं यंत्र) वळसा घालणारा पाइप सापडला, आत काळं तेल ओलंच, आणि ऑइल रेकॉर्ड बुकात (तेलाच्या हाताळणीची जहाजावरची नोंदवही) मात्र सगळं आलबेल.

१९८२ च्या सागरी कायदा कराराचं कलम २१८ बंदरराष्ट्राला (जहाज ज्याच्या बंदरात आलं तो देश) अशा विसर्गाबद्दल खटला भरू देतं, हे कळलं. पण कलम २२८ म्हणतं की ध्वजराष्ट्राने (जहाज ज्या देशात नोंदलेलं आहे तो देश) सहा महिन्यांत स्वतः कारवाई सुरू केली, तर बंदराने आपला खटला थांबवायचा. ध्वजराष्ट्राने नावापुरती कारवाई केली तर? वारंवार दुर्लक्ष करणाऱ्या ध्वजराष्ट्राचा अपवाद आहे, पण तो सिद्ध कसा करायचा?

अमेरिका वेगळी वाट धरते : समुद्रातल्या विसर्गाऐवजी बंदरात खोटी नोंदवही बाळगल्याबद्दल खटला. मला ही वाट जास्त भक्कम वाटते, कारण गुन्हा बंदरातच घडतो. मग याच कराराच्या कलम २३० मधली ‘फक्त आर्थिक दंड’ ही मर्यादा इथे लागू होते का?

जहाज अडकवून ठेवणं आणि हमी घेऊन सोडणं, याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या कुणी लिहिलं तर फार उपकार होतील. समुद्र नासवून निघून जाणं इतकं सोपं असू नये, असं मनापासून वाटतं.