शब्दचर्चा: बॅलडला पोवाडा म्हणावं का?

प्रश्न:
निक जोन्स या इंग्लिश गायकाचा ‘पेंग्विन एग्ज’ हा अल्बम (टॉपिक रेकॉर्ड्स, १९८०) सध्या सारखा ऐकतो आहे. सगळी मदार त्याच्या गळ्यावर आणि गिटारवर, अधूनमधून मेलोडियन या छोट्या अ‍ॅकॉर्डियनसारख्या वाद्याची साथ. पण गिटार इतकी सुंदर, की गाणं संपल्यावरही बोटांचा ठेका कानात चालूच राहतो. मित्रांसाठी मराठीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्यात अडलो. यातली बरीच गाणी बॅलड या प्रकारातली, म्हणजे गोष्ट सांगणारी जुनी लोकगाणी, आणि कोशात त्याला ‘पोवाडा’ दिलेलं. पहिलंच गाणं बघा, ‘कॅनडी-आय-ओ’. प्रियकराच्या ओढीनं एक मुलगी खलाशाच्या वेषात जहाजावर चढते. ते उघडकीस आल्यावर बाकीचे खलाशी तिला हातपाय बांधून समुद्रात फेकायला उठतात. कप्तान तिला वाचवतो आणि पुढे तिचं लग्न त्याच्याशीच होतं. याला पोवाडा म्हणायला जीभ रेटत नाही. दुसरा शब्द आहे का? ट्यूनिंग आणि ‘ट्रॅडिशनल’साठीही सुचवा.

प्रतिसाद:
बॅलड आणि पोवाडा ही जोडी कुठून आली ते सांगतो. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ (वडाळ्याचं कुष्ठरोग रुग्णालय ज्यांच्या नावानं आहे तेच) आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. त्यातल्या काहींची इंग्रजी भाषांतरं अ‍ॅकवर्थनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केली, ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ या नावानं. इंग्रजी वाचकाला पोवाडा समजावून द्यायला बॅलड हा शब्द चांगलाच होता. उलट दिशेनं मात्र तो चालत नाही.

पोवाड्यात शाहीर छाती पुढे काढून समोर उभा असतो. डफ, तुणतुणं, मागे ‘जी जी’ धरणारे झीलकरी. नायकाचा पराक्रम गायचा असतो, ऐकणाऱ्याला चेतवायचं असतं, आणि शेवटी शाहीर आपलं नावही गुंफतो. बॅलडचा कर्ता कोण ते बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं, आणि गाणारा कथेतून अंग काढून घेतो. याच अल्बममधलं ‘द ड्राउन्ड लव्हर्स’ नीट ऐका. हार्वर्डच्या फ्रान्सिस चाइल्डनं १८८२ ते १८९८ या काळात ३०५ बॅलड पाठभेदांसह छापले, त्यांत याचा क्रमांक २१६. विली रात्री क्लाइड नदी ओलांडून मार्गारेटकडे निघतो. आई म्हणते जाऊ नकोस, तो ऐकत नाही, आई शाप देते. दाराशी पोचल्यावर आतून मार्गारेटची आई मुलीचा आवाज काढून त्याला परत पाठवते. तो बुडतो, मागून निघालेली तीही बुडते. यात ‘आई म्हणाली’, ‘विली म्हणाला’ हे पुष्कळदा येतच नाही. नुसते संवाद, आणि कोण बोलतंय ते आपण ओळखायचं. कुणाची बाजू घेणं नाही, हळहळ नाही. जोन्सही बुडण्याच्या ओळींवर आवाज कातर करत नाही, गिटारची चाल आहे तीच ठेवतो. म्हणून तर ते इतकं लागतं. इथे पोवाडा हा शब्द वापरलात तर वाचक पहिल्या ओळीपासून चुकीच्या आवाजाची वाट बघत बसेल.

माझं मत: ‘कथागीत’.

प्रतिसाद:
सहमत, पण पोवाडा अगदीच टाकाऊ ठरवू नका. चाइल्डच्याच संग्रहात ‘चेव्ही चेस’सारखे लढायांचे बॅलड आहेत, रॉबिन हूडची तर मोठी रांग आहे. त्यांच्यासाठी पोवाडा शोभेल. ‘कथाकाव्य’ मात्र नको, ते छापील कवितेचं वाटतं आणि इथे तर सगळं गळ्यातलं आहे. पहिल्यांदा कथागीत लिहून पुढे सरळ बॅलड म्हणा. वाचकाला तोही शब्द परका नाही.

प्रतिसाद:
ट्यूनिंगबद्दल मी सतार वाजवणारी म्हणून सांगते. आपल्याकडे वाद्य ‘लावतात’. तंबोरा लावला, सतार लावली, तशी गिटार लावली. वेगळा शब्द शोधायची गरजच नाही, आणि या संगीतासाठी तर हाच शब्द हवा. कारण इंग्लिश लोकगीतं गाणाऱ्या या गिटारवाल्यांनी गिटार नेहमीसारखी न लावता जवळजवळ तंबोऱ्याच्या अंगानं लावायला सुरुवात केली. डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश गिटारवादकानं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, मोरोक्कोतलं संगीत ऐकून, डी-ए-डी-जी-ए-डी (सहा तारांचे सहा सूर) हे लावणं रूढ केलं. डीला षड्ज धरलंत तर खर्जाकडून सा प सा म प सा. मार्टिन कार्थी या इंग्लिश गायक-गिटारवादकाचं आवडतं लावणं सी-जी-सी-डी-जी-ए, म्हणजे सा प सा रे प ध.

दोन्हींत काय नाही ते बघा: गांधार नाही. पाश्चात्त्य संगीतात मेजर की मायनर ते गांधारावरच ठरतं. मोकळ्या तारांत तो नसला की गिटार आधी काहीच ठरवून टाकत नाही, कोमल लावायचा की शुद्ध ते गाण्यावर राहतं. जुन्या इंग्लिश चाली पुष्कळदा मेजर-मायनरच्या चौकटीत बसतच नाहीत. ‘स्कारबरो फेअर’ या जुन्या इंग्लिश गाण्याची सुरावट ज्या डोरियन मोडमध्ये (मोड म्हणजे ठरावीक सुरांचा संच) आहे तो म्हणजे आपला काफी थाट, कोमल गांधार आणि कोमल निषाद. मोडसाठी म्हणूनच ‘थाट’ लिहा, ‘राग’ नको.

जोन्सच्या उजव्या हाताचंही सांगते. सूर वाजता वाजता तो मध्येच तारांवर असा आघात करतो की सूर न येता नुसता ठोका येतो. तबल्यातल्या बंद बोलांची सवय असलेल्या वाचकाला ‘बंद ठोका’ म्हटलं की लगेच कळेल. त्या ठोक्यामुळेच एकटी गिटार असूनही ढोलाची उणीव भासत नाही.

प्रश्नकर्ता:
गांधाराचं वाचून अल्बम पुन्हा लावला, आणि खरोखर वेगळा ऐकू आला. मनापासून आभार. ‘कथागीत’ आणि ‘लावणे’ घेतो. ‘ट्रॅडिशनल’ला ‘पारंपरिक’ चालेल ना?

प्रतिसाद:
चालेल, पण सरसकट सगळ्या अल्बमला लावू नका. ‘द हम्पबॅक व्हेल’ आणि ‘द लिटल पॉट स्टोव्ह’ ही गाणी हॅरी रॉबर्टसनची. तो स्कॉटलंडहून ऑस्ट्रेलियात गेलेला, देवमाशांच्या शिकारीवरची त्याची गाणी. ‘फेअरवेल टू द गोल्ड’ न्यूझीलंडच्या पॉल मेटसर्सचं. ऐकताना ही जुन्या गाण्यांत बेमालूम मिसळून जातात, म्हणूनच कवींची नावं मुद्दाम द्या.

उरलेल्या गाण्यांपुढे नुसतं ‘पारंपरिक’ लिहून थांबू नका. आपल्या कॅसेटांवर ‘गीत: पारंपरिक, संगीत संयोजन: अमुक’ असं असायचं, तो ‘संयोजन’ शब्द इथे फार मोलाचा आहे. ‘स्कारबरो फेअर’ शेकडो वर्षं कुणाच्या मालकीचं नव्हतं, पण अमेरिकन गायक पॉल सायमननं ते १९६५च्या सुमारास लंडनमध्ये मार्टिन कार्थीकडून उचललं, त्यानं गिटारवर बांधलेल्या साथीसह. १९६६ च्या सायमन-गारफंकलच्या अल्बमवर कार्थीचं नाव आलं नाही. हा सल पुढे कित्येक वर्षं राहिला. २००० साली लंडनच्या कार्यक्रमात सायमन आणि कार्थी या दोघांनी ते गाणं एकत्र गायलं तेव्हा कुठे तो मिटला.

जोन्सच्या बाबतीत तर हे जास्तच जपायला हवं. चाली आणि शब्द त्यानं जुने घेतले, पण त्यांत मनासारखे फेरफार केले, आणि गिटारचा सगळा डोलारा त्याचा स्वतःचा. १९८२ च्या फेब्रुवारीत कार्यक्रमाहून परतताना त्याच्या मोटारीला भीषण अपघात झाला, तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. त्यानंतर तसं वाजवणं त्याला कधीच जमलं नाही. पुढे अनेक वर्षांनी तो पुन्हा मंचावर गायला, पण गिटार मुलाच्या हाती होती. तेव्हा लेखात ‘पारंपरिक, संयोजन: निक जोन्स’ असं पूर्ण लिहा.