अपघाताची पावती विमानाच्या वयावर फाडू नका

निळा विंडसॉक (धागाकर्ता)

आमचं चार आसनी विमान १९७४ चं, तिघांत मिळून घेतलेलं. कुठे छोटं विमान पडल्याची बातमी आली की ओळखीचे सगळे आधी एकच विचारतात, "किती जुनं होतं?" जणू औषधाच्या बाटलीसारखी विमानाच्या पाठीवर तारीख छापलेली असते. लोकांचं सोडा, आता मेकॅनिकही हेच विचारायला लागलेत, म्हणून हा धागा.

परवाच्या अ‍ॅन्युअलमध्ये (वर्षातून एकदाच्या तपासणीत) कॉम्प्रेशन टेस्टला (सिलिंडर हवेचा दाब किती धरतो ते बघताना) तीन नंबरचा सिलिंडर ८० पैकी ५८ दाखवत होता. बाकीचे तिन्ही सत्तरच्या वर. मेकॅनिक म्हणाला, "इंजिनाचं वय बघता उतरवून टाकू." म्हटलं, थांबा. अर्धा तास उडवून आणलं आणि इंजिन गरम असतानाच पुन्हा मोजलं: ६९. बोअरस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) आत सोडला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरची रंगाची वर्तुळं नीट मधोमध, कडेला भाजल्याचा डाग नाही. हवा जात होती ती रिंगांतून. ऑइल भरायच्या तोंडाशी कान नेला की फुस्स ऐकू यायची. मग उतरवायचा कशाला? या इंजिनात सिलिंडर काढायचा म्हणजे थ्रू बोल्ट (इंजिन आरपार आवळून धरणारे लांब बोल्ट) सोडायचे, म्हणजे आतल्या मेन बेअरिंगांवरचा दाब गेला. परत आवळताना टॉर्क (आवळायचा जोर) चुकला तर चालता सिलिंडर देऊन आपण सुटणारा सिलिंडर विकत घेतला.

ही नुसती माझी भीती नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये वॅडिंग्टन नावाचे गृहस्थ होते, मूळचे जीवशास्त्रज्ञ. बॉम्बर विमानांची दर ५० तासांनी तपासणी व्हायची. त्यांनी बिघाडांच्या नोंदी मांडल्या तर सगळ्यात जास्त बिघाड तपासणीच्या लगेच नंतर, आणि पुढे तास वाढतील तसे कमी. १९७८ मध्ये नोलन आणि हीप यांनी युनायटेड एअरलाइन्सच्या अनुभवावरून अहवाल लिहिला, त्यातही जेमतेम ११ टक्के भाग वय वाढल्यावर झिजून जास्त बिघडताना दिसले. ६८ टक्के भागांचं तर उलटंच, नवे बसवल्यावर सुरुवातीलाच धोका जास्त.

दोन वर्षांपूर्वी अ‍ॅन्युअलनंतरच्या पहिल्याच उड्डाणात माझ्या काचेवर ऑइल आलं होतं. धावपट्टी समोर होती म्हणून निभावलं. काउल (इंजिनावरचं झाकण) उघडलं तर ऑइल कूलरच्या नळीचा नट हातानेच फिरत होता. त्या जोडाला आदल्या दिवसापर्यंत काहीही झालेलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच, की वयापेक्षा उगाचची खोलाखोली जास्त घातक. हाणा आता.

सेफ्टी वायर

असहमत, आणि बऱ्यापैकी जोरात असहमत. ३१ वर्षं हँगरमध्ये काढली आहेत.

सिलिंडरबद्दल तुमचं बरोबर. मीही उतरवला नसता. पण एका सिलिंडरवरून तुम्ही थेट वॅडिंग्टनवर उडी मारलीत. त्यांची विमानं युद्धात रोज उडत होती. युनायटेडची विमानंही रोज उडत होती. तुमचं वर्षाला किती तास उडतं? चाळीस? म्हणजे उरलेले आठ हजार सातशे तास ते काय करतं? गंजतं.

लायकॉमिंग कंपनीच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) वर असतो. इंजिन थांबलं की ऑइल निथळून खाली, कॅम कोरडा. दोन महिने उभं राहिलं की त्यावर बारीक गंजाचे ठिपके, आणि नंतर तेच ठिपके टॅपेट (कॅमवर टेकलेले भाग) कुरतडायला लागतात. ओव्हरहॉलसाठी (इंजिन पूर्ण खोलून नव्यासारखं करण्यासाठी) २००० तास सांगतात तेव्हा सोबत १२ वर्षंही सांगतात, ती उगाच नाही. तुमचे तास भरणार नाहीत, वर्षं भरतील.

एकदा एका गुळगुळीत, चकाचक रंगवलेल्या विमानाचा गालिचा उचलला. खाली उंदराचं घरटं. उंदराच्या मुताने अ‍ॅल्युमिनियम असं खाल्लं होतं की स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज आत गेलं. मालकाकडे दहा अ‍ॅन्युअलच्या सह्या होत्या. दहा वर्षांत गालिचा कोणी उचलला नव्हता, कारण "कशाला उगाच खोलाखोली".

उजवी सीट

मी शिकवते, त्यामुळे माझं दुखणं वेगळं आहे. तुम्ही दोघं नटबोल्टांवर भांडताय, पण छोट्या विमानांच्या अपघातांत साधारण पाऊण वाटा पायलटचा निघतो, वर्षानुवर्षं. केनेडी धाकटे (अमेरिकी अध्यक्षांचे चिरंजीव, स्वतःच विमान चालवत होते) १९९९ मध्ये गेले ते विमान चारच वर्षांचं होतं. अंधारी रात्र, धुरकट हवा, खाली पाणी, क्षितिज दिसेना, दिशाभान गेलं. इंजिन शेवटपर्यंत ठणठणीत.

इंजिन बंद पडून माणसं मरतात असं वाटतं, पण बऱ्याचदा इंजिन बंद पडल्यावर नाक वर धरून धावपट्टीकडे परत वळायच्या नादात स्टॉल होऊन (वेग घटून पंखांचा आधार सुटून) मरतात. समोरच्या शेतात सरळ उतरले असते तर विमान गेलं असतं, माणसं राहिली असती. सिलिंडरवर जेवढी चर्चा करता त्याच्या निम्मा वेळ हा सराव करा.

रिवेट नं. ७

उजवी सीट ताईंना +१. आणि तरीही १९३९ सालच्या विमानात प्रवासी बसवणारे लोक असतात. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये युंकर्स ५२ पडलं, २० जण गेले. ऐंशीच्या घरातलं विमान. यावर विंडसॉक काय म्हणतील?

निळा विंडसॉक

बरं झालं तुम्हीच काढलंत. स्विस तपासाचा निष्कर्ष असा होता की पायलटांनी अरुंद खोऱ्यात, कमी उंचीवर, बाहेर पडायला वाट न ठेवता विमान नेलं. गुरुत्वमध्यही मागच्या मर्यादेबाहेर गेलेला. विमानाचं वय अपघाताचं कारण म्हणून कुठेही नाही.

सेफ्टी वायर

अर्धाच अहवाल वाचलात. त्याच तपासात गंज, तडे आणि देखभालीतल्या त्रुटीही सापडल्या. अपघाताला त्या कारण ठरल्या नाहीत, एवढंच. म्हणजे त्या दिवशी डोंगर आधी आला. डोंगर आला नसता तर ते तडे मिटणार होते का?

तुम्हाला वयाचं खरंखुरं उदाहरण हवं तर २००५ घ्या. मायामीजवळ चॉक्स कंपनीचं ग्रमन मॅलार्ड, १९४७ चं सीप्लेन, उड्डाणानंतर लगेच उजवा पंख तुटून पडलं. विसाच्या वीस जण गेले. त्या पंखातून आधीपासून इंधन गळत होतं. धातूला थकव्याचे तडे गेले होते, गळती हा त्यांचाच निरोप होता. गळती बुजवत राहिले, तडा वाढत राहिला. तिथे उघडून खोलवर बघायला हवं होतं, साहेब. तुमच्या वॅडिंग्टनने तिथे काय केलं असतं?

शेपूटचाक

दोघांच्याही गाडीला खीळ घालतो. २०१८ मध्येच अमेरिकेत डेटोना बीचला प्रशिक्षणाच्या पायपर अ‍ॅरोचा डावा पंख उड्डाणानंतर सुटला, शिकाऊ पायलट आणि परीक्षक दोघेही गेले. विमान २००७ चं. अकरा वर्षांचं विमान म्हणजे आपल्या जगात पाळण्यातलं बाळ! पण साडेसात हजारांहून जास्त तास झालेले, तेही शिकाऊंच्या हातचे: पुन्हा पुन्हा उतरणं, कमी उंचीवरचे हेलकावे, आदळआपट. स्पारच्या (पंखाच्या मुख्य तुळईच्या) बोल्टच्या भोकापाशी थकव्याचा तडा, बाहेरून डोळ्यांना दिसणारच नाही असा. पुढे त्या भोकांसाठी एडी करंट (विजेच्या प्रवाहाने लपलेले तडे शोधणाऱ्या) तपासणीचा आदेश निघाला.

म्हणजे जन्मसाल बघून काही कळत नाही. किती तास, कसले तास, कुठे उभं असतं आणि आधी कोणी ठोकून दुरुस्त केलंय का, हे चार प्रश्न. शेवटचा सगळ्यात वाईट. जपान एअरलाइन्सचं उड्डाण १२३ आठवा. १९७८ मध्ये शेपूट घासली, मागच्या प्रेशर बल्कहेडच्या (केबिनमधला हवेचा दाब अडवणाऱ्या भिंतीच्या) दुरुस्तीत जोडपट्टी चुकीची बसली. ती दुरुस्ती सात वर्षं उडत राहिली आणि १९८५ मध्ये ५२० माणसं घेऊन गेली.

निळा विंडसॉक

पण शेपूटचाक, हे तर माझ्याच पारड्यात पडतंय! १२३ ला वयाने नाही, पान्याने मारलं. ब्रिटिश एअरवेजच्या १९९० च्या काचेचंही तेच. काच नवी बसवून २७ तास झाले होते. ९० पैकी ८४ बोल्ट किंचित बारीक, कारण जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून घेतले, आणि ते जुनेही चुकीचेच होते. हवेत काच उडाली, कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर. वाचला, नशीब.

शेपूटचाक

पारडं तुमचं नाही. चुकीची दुरुस्ती झाली म्हणून दुरुस्तीच करू नका, असं होत नाही.

उजवी सीट

यात "पायलटची चूक" आणि "देखभालीची चूक" अशा दोन पेट्या करून आपण टाकतोय ना, त्या पेट्यांवरच माझा विश्वास डळमळीत झालाय, आणि पाऊण वाट्याची गोष्ट मीच काढली होती. २०१९ मध्ये अमेरिकेत ब्रॅडली विमानतळावर बी-१७ (दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बर) पडलं, सात जण गेले. वर चढतानाच चार नंबरच्या इंजिनाची ताकद गेली. मुख्य कारण लिहिलंय: ते इंजिन बंद केल्यावर पायलटने विमानाचा वेग आणि मांडणी नीट सांभाळली नाही. हातभार: दौऱ्यावर असताना अपुरी देखभाल, त्यामुळे तीन आणि चार नंबरच्या इंजिनांची ताकद घटली. आणि देखभालीचा प्रमुख कोण? तोच पायलट.

हा अपघात कोणत्या पेटीत टाकणार? आपल्यातले बरेच जण स्वतःच्या विमानाचे असे दुहेरी मालक आहेत. मॅग्नेटो चेकला (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राच्या उड्डाणाआधीच्या चाचणीत) सूई नेहमीपेक्षा जास्त पडली की "बघू, प्लग खराब असेल" म्हणणारा माणूस आणि मग धावपट्टीवर थ्रॉटल पुढे सारणारा माणूस एकच.

रिवेट नं. ७

त्यात भर म्हणजे कार्बुरेटरमधला बर्फ. बाहेर २० अंश असताना, दमट हवेत, आत बर्फ धरतो, इंजिन गुदमरतं, आणि तपास करणारे येईपर्यंत पाणी होऊन गेलेला असतो. नोंदीत उरतं "कारण निश्चित नाही". नंतर बातमीत मथळा: "जुनं विमान कोसळलं".

(युंकर्सच्या बाबतीत माझी घाई झाली, मान्य.)

सेफ्टी वायर

पेट्यांचा मुद्दा पटला. पण विंडसॉक, मूळ प्रश्नाला बगल नको. उघडणं दोन प्रकारचं असतं. एक, भाग चांगला असताना सोडवून परत जोडणं. ते नको, त्यात तुम्ही आणि मी एकच. दुसरं, झाकण काढून नुसतं बघणं: गालिचा, पंखाखालच्या तपासणीच्या झडपा, सीटच्या रुळांची झिजलेली भोकं. सीट टेकऑफला मागे घसरली आणि माणूस योक (विमानाचा सुकाणू) धरूनच मागे गेला की नाक आभाळात. ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडून बघता का? त्यात धातूची चकाकी दिसते की नाही, हे कॉम्प्रेशनच्या आकड्यापेक्षा जास्त सांगतं. यात कुठेही पाना लागत नाही. तुमच्या पोस्टमध्ये "खोलाखोली" हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरलाय.

आणि एक विचारतो, रागावू नका. त्या ऑइल कूलरच्या नळीवर धातूचा बारीक टॅग असतो. त्यावरची तारीख वाचलीय का कधी?

निळा विंडसॉक

फिल्टर दर वेळी कापतो, फोटो आहेत.

टॅग नव्हता वाचला. आज मुद्दाम हँगरवर गेलो. आरसा आणि टॉर्च घेऊन पाठ मोडेस्तोवर वाकलो तेव्हा दिसला. १९९८. नळी अंगठ्याने दाबून पाहिली तर वाकत नव्हती, लाकडासारखी झालीय. नट घट्ट केल्यावर त्या दिवशी मी समाधानाने घरी गेलो होतो, आणि नंतरची दोन वर्षं हीच नळी माझ्या पायांपुढे चारेक फुटांवर गरम ऑइल वाहत होती.

नळ्या बदलणार, सगळ्या. गालिचाही उचलणार. सिलिंडर मात्र उतरवणार नाही, ते तुम्ही कितीही म्हणालात तरी.

सेफ्टी वायर

सिलिंडर उतरवा असं मी म्हणालोच नव्हतो. वर वाचा.

नळ्या बदलल्यावर प्रत्येक नटावर टॉर्क झाल्याची रंगाची रेघ स्वतः बघा. मग काउल न लावता इंजिन गरम होईपर्यंत जमिनीवर चालवा, बंद करा, प्रत्येक जोडावरून कोरडं पांढरं फडकं फिरवा. पहिलं उड्डाण एकट्याने, विमानतळाच्या डोक्यावरच. तपासणीनंतरच्या पहिल्या तासाबद्दल तुमचे वॅडिंग्टन चुकलेले नाहीत.