विषय: ब्लॉगवर लावायला फुकटातली प्लगइन्स आणि विजेट्स, कुठली घ्यावीत?

प्रेषक: काकू

मंडळी, नमस्कार.

माझा ब्लॉग ब्लॉगरवर आहे आणि आमच्या ह्यांचा वर्डप्रेसवर. दोन्ही जरा नीटनेटके करावेत असं मनात आहे. त्यासाठी प्लगइन्स, म्हणजे ब्लॉगला जादा सोयी देणारे छोटे प्रोग्राम, आणि विजेट्स, म्हणजे पानाच्या बाजूला दिसणारे छोटे चौकोन, लावायचं म्हणते. पैसे खर्च करायचे नाहीत आणि कोडमध्ये फार हात घालायचा नाही. शोधायला गेलं की 'प्रत्येक ब्लॉगवर हवीतच अशी पन्नास प्लगइन्स' छापाच्या याद्या समोर येतात. शेवटचं वाचेपर्यंत पहिलं काय होतं ते आठवत नाही. ह्यांना उजव्या बाजूला घड्याळ, हवामान आणि वाचकसंख्येचा आकडा हवाय. माझं म्हणणं एवढंच की लोकांना जुने लेख सापडावेत आणि व्हॉट्सॲपवर चटकन पाठवता यावेत. जाणकारांनी सांगावं.

आणखी एक. माझ्या लेखांचे पत्ते 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे काहीतरी आकडे असेच का दिसतात? शीर्षकं तर मी चांगली विचार करून देते.

— काकू

*

प्रेषक: मंडळाचा वेबमास्तर

काकू, नमस्कार.

शेवटची शंका आधी घेतो, कारण मराठी ब्लॉगांवर ती सगळीकडे दिसते आणि त्या पन्नासाच्या याद्यांत कधीच नसते.

ब्लॉगर शीर्षकातून पत्ता तयार करतो तेव्हा रोमन अक्षरं आणि आकडे तेवढे उचलतो. शीर्षक सगळं देवनागरीत असलं की त्याच्या हाती काहीच लागत नाही. मग तो 'ब्लॉग-पोस्ट' असं नाव देतो आणि पुढच्या लेखांना वेगळेपणासाठी आकडे चिकटवतो. उपाय सोपा आहे. लेख लिहिताना बाजूला पोस्ट सेटिंग्ज दिसतात, त्यात पर्मालिंक (लेखाचा कायमचा पत्ता) उघडा, कस्टम निवडा आणि रोमन लिपीत तीन-चार शब्द मध्ये हायफन घालून लिहा. हे प्रकाशित करायच्या आधी करायचं. जुन्या लेखांच्या वाटेला जाऊ नका. लोकांनी जपून ठेवलेल्या लिंका तुटतील.

काकांच्या वर्डप्रेसवर उलटी गंमत आहे. तिथे देवनागरी पत्ता चालतो, पण महाग पडतो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याचं चिन्ह, सगळे वेगळे मोजायचे. 'संध्याकाळी' या एका शब्दात दहा चिन्हं आहेत, म्हणजे तो एकटाच ९० जागा खातो. पत्त्याच्या या भागाला वर्डप्रेसकडे जागा २०० च. त्यामुळे जरा लांब शीर्षक असलं की पत्ता अर्ध्या शब्दावर कापला जातो, आणि व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांची चार ओळींची रांगोळी दिसते. लेखाच्या सेटिंग्जमध्ये स्लग नावाची जागा असते, तिथे छोटं रोमन नाव द्या. वर्डप्रेसवर जुन्या लेखाचा स्लग बदलला तरी जुन्या पत्त्यावरून येणारा वाचक आपोआप नव्याकडे वळतो, तेव्हा काका मागचे लेखही दुरुस्त करू शकतात. प्लगइन लागत नाही.

आता मूळ प्रश्न. माझं मत असं की काहीही लावायच्या आधी ते घरात आहे का ते बघावं. याद्या जुन्या असतात आणि एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. फोटो गरजेपुरते उशिरा उतरवून घेणारं लेझी लोडिंग आणि सर्च इंजिनांसाठीचा साइटमॅप (पानांची यादी) या दोन्ही गोष्टी वर्डप्रेसमध्ये २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून आहेत. फोनवरून काढलेला अवाढव्य फोटो चढवला की त्याची २५६० पिक्सेलची प्रत करून तीच वापरायची, हे ५.३ पासून होतं. याद्यांमध्ये मात्र या तिन्हींसाठी अजून प्लगइन्स सुचवतात.

तुमच्या पहिल्या कामाला, म्हणजे जुने लेख सापडायला, ब्लॉगरच्या लेआउटमध्ये जाऊन 'गॅजेट जोडा' म्हणा (विजेटला ब्लॉगर गॅजेट म्हणतो). सर्च, लेबल्स (लेखांना दिलेली विषयांची नावं) आणि पॉप्युलर पोस्ट्स ही तीन घ्या. सर्च सगळ्यात वर. लेबलं आधी छाटा. ऐंशी लेबलांचा ढग लावला तर वाचक त्यात काहीच शोधत नाही. पॉप्युलर पोस्ट्समध्ये काळ विचारतात, तिथे 'ऑल टाइम' घेऊ नका. वरचे लेख वर आहेत म्हणून वाचले जातात आणि वाचले जातात म्हणून वर राहतात. शेवटचे ३० दिवस निवडलेत तर यादी हलती राहील.

व्हॉट्सॲपसाठी वर्डप्रेसवर ॲड-टू-एनी हे शेअरची बटणं देणारं फुकट प्लगइन चांगलं आहे, लावलं की झालं. दोन-तीनच बटणं ठेवा. ज्या सेवांवर तुमचा एकही वाचक नाही त्यांची चिन्हं कशाला? ब्लॉगरवरही त्यांचा कोड एचटीएमएल गॅजेटमध्ये चिकटवता येतो.

फक्त अशी बटणं दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असतात हे लक्षात असू द्या. ॲड-धिस नावाची याच कामाची सेवा एके काळी जिथे तिथे दिसायची. ३१ मे २०२३ ला ती बंद झाली आणि सगळ्यांना आपापल्या साइटवरचा कोड शोधून काढत बसावं लागलं. वाचकांना नवा लेख मेलने पाठवायची फीडबर्नरची सोयही २०२१ मध्ये अशीच बंद झाली.

घड्याळाबद्दल काकांची क्षमा मागून: वाचकाच्या फोनवर घड्याळ असतंच. आणि हवामान कुठलं दाखवणार, काकांच्या गावचं की वाचकाच्या?

— वेबमास्तर

*

प्रेषक: काका

मास्तर,

घड्याळ आणि हवामान सोडलं. आकडा सोडणार नाही. चार लोक वाचून गेले हे दिसलं की पुढचं लिहायला हुरूप येतो, त्यात वाईट काय?

माझे प्रश्न तीन. एक, माझ्याकडे अकिस्मेत हे स्पॅम प्रतिक्रिया अडवणारं प्लगइन आहे, पण त्याची चावी, म्हणजे ते चालू करायचा कोड, घ्यायला गेलो तर पैशांचा आकडा समोर आला. मग ते फुकट कसलं? दोन, किती प्लगइन्स झाली म्हणजे जास्त झाली? तीन, माझ्या ब्लॉगवर 'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे दिसतात, छापील मराठी पुस्तकातल्यासारखे दिसत नाहीत. ते डोळ्यांना खुपतं. यालाही प्लगइन आहे का?

— काका

*

प्रेषक: ताई

काका, तुमचे पहिले दोन प्रश्न माझे. तिसरा मास्तरांचा.

अकिस्मेत खाजगी, बिनधंद्याच्या ब्लॉगला फुकटच आहे. पर्सनल निवडल्यावर 'तुम्हाला जमेल तेवढं द्या' म्हणून एक सरकपट्टी येते, ती ओढून शून्यावर न्यायची. पण ब्लॉगवर जाहिराती असतील किंवा काही विकत असाल तर ही सवलत नाही. चावीची कटकटच नको असेल तर अँटिस्पॅम बी घ्या. त्याला खातं लागत नाही, चावी लागत नाही, जाहिराती असल्या तरी फुकट. मी स्वतः हेच सुचवते. दोन्ही एकदम मात्र लावू नका.

आकड्याच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. फक्त तो वाचकाला कशाला दाखवायचा? तुम्ही बघा की. बाहेरच्या साइटवरून आणलेल्या रंगीबेरंगी काउंटरमध्ये ते लोक जाहिरातीच्या लिंका घुसडतात, आणि तुमच्या वाचकांचा माग ठेवतात तो वेगळाच. कोको ॲनालिटिक्स हे फुकट प्लगइन लावा. मोजदाद तुमच्याच डेटाबेसमध्ये राहते, कुकीशिवाय (वाचकाच्या ब्राउझरमध्ये खूण न ठेवता) चालवता येतं, आणि कुठला लेख किती वाचला गेला ते डॅशबोर्डवर दिसतं. काकूंना ब्लॉगरचं स्टॅट्स पान आहेच. त्यात स्वतःच्या भेटी मोजू नका असा पर्याय असतो तो निवडा. नाहीतर लेख पुन्हापुन्हा उघडून आपणच आपले वाचक होतो.

किती म्हणजे जास्त, हे मोजून ठरत नाही. कुणाच्या ताब्यात आहे यावर ठरतं. डिस्प्ले विजेट्स नावाचं एक साधं, लोकप्रिय प्लगइन होतं. कुठलं विजेट कुठल्या पानावर दाखवायचं, एवढंच त्याचं काम. सुमारे २ लाख साइट्सवर होतं. २०१७ मध्ये मूळ लेखकाने ते विकलं. नव्या मालकाने अपडेटमधून त्यात चोरवाट घातली आणि लोकांच्या ब्लॉगवर स्पॅम मजकूर प्रकाशित व्हायला लागला. खुबी अशी की लॉगिन केलेल्या माणसाला तो मजकूर दिसायचाच नाही, म्हणजे ब्लॉगच्या मालकाला सगळं आलबेल. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातून ते काढलं, परत आलं, पुन्हा काढलं, असं होत होत शेवटी सप्टेंबरमध्ये कायमचं गेलं. लोकांनी कुठून तरी उचललेलं प्लगइन नव्हतं ते, अधिकृत ठिकाणचंच होतं, आणि अपडेटही ते इमानेइतबारे करत होते.

म्हणून अपडेट बंद करा असं मी म्हणत नाही. जुनं ठेवल्यामुळे फुटलेल्या साइट्स यापेक्षा कितीतरी जास्त असतात. लावण्यापूर्वी प्लगइनच्या पानावर शेवटचं अपडेट कधीचं ते बघा, वर्डप्रेसच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलंय ते बघा, आणि सपोर्टमध्ये लोकांना उत्तरं मिळतायत का तेही बघा. मालक बदलल्याची कुरकुर सगळ्यात आधी तिथेच उमटते. लागत नसलेलं प्लगइन नुसतं बंद करून ठेवू नका, डिलीट करा. बंद केलं तरी फाइली सर्व्हरवर पडून असतात.

काकूंनी 'कोड चिकटवा' वाल्या गॅजेटबद्दल तर जास्तच जपून राहावं. तिथे अपडेट वगैरे काही नाही. त्या बाहेरच्या पत्त्यावर जे असेल ते तुमच्या पानावर चालतं. अनेक साइट्स जिथून तयार कोड उचलायच्या तो पॉलिफिल डॉट आयओ हा पत्ता २०२४ मध्ये नव्या हातात गेला आणि काही महिन्यांत १ लाखाहून जास्त साइट्सवरचे वाचक भलतीकडे पाठवले जायला लागले. मास्तर, तुमच्या ॲड-टू-एनीला माझा विरोध नाही, पण काकूंसाठी मी तेही टाळेन. फोनच्या ब्राउझरमध्ये शेअरचं बटण असतंच, आणि व्हॉट्सॲपवर पाठवणारी मंडळी सरळ लिंक कॉपी करतात.

— ताई

*

प्रेषक: मंडळाचा वेबमास्तर

ताईंचं शेवटचं मान्य. काकू, तो कोड लावू नका. पत्ता छोटा आणि वाचता येण्याजोगा ठेवलात की निम्मं काम झालं.

काका, 'श' आणि 'ल' चं असं आहे. कित्येक देवनागरी फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात. कुठलं दाखवायचं हे ब्राउझर पानाची भाषा बघून ठरवतो, आणि पान स्वतःला इंग्रजी म्हणवत असेल तर मराठी वळण येणार कुठून? सेटिंग्जमध्ये जनरल, तिथे साइटची भाषा मराठी करा. डॅशबोर्डही मराठीत होईल. तो नको असेल तर आपल्या प्रोफाइलमध्ये जाऊन स्वतःपुरती भाषा इंग्रजी ठेवता येते; वाचकांचं पान मराठीच राहतं.

एवढ्याने भागलं नाही तर फाँट बदला. टिरो देवनागरी मराठी हा फाँट मराठी वळणाचाच आहे, फुकट आहे, आणि लांब लेखाला फार छान दिसतो. तुमची थीम (ब्लॉगच्या रूपाचा साचा) ब्लॉक प्रकारची असेल तर २०२४ च्या ६.५ आवृत्तीपासून फाँट लायब्ररी आली आहे. एडिटरमध्ये स्टाइल्स, मग टायपोग्राफी. तिथून गूगल फाँट्समधला हवा तो उतरवला की तो तुमच्याच सर्व्हरवर येतो. फाँटच्या प्लगइनची गरज उरत नाही. मजकुराचा आकार जरा वाढवा, आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. रफार आणि उकार एकमेकांत अडकणार नाहीत.

— वेबमास्तर

*

प्रेषक: काकू

मास्तर, ताई, नव्या लेखाला रोमन पत्ता दिला आणि चक्क वाचता येतोय. लेबलं छाटायला बसले आहे. ह्यांचं भाषा बदलणं झालं, आता फाँट चाललाय, आज जेवायला बोलावलं तरी येतील असं वाटत नाही.

एकच विचारते. एवढं सगळं करताना काही बिघडलं तर आधीचं परत मिळतं का? इतक्या वर्षांचं लिहिलेलं आहे.

— काकू

*

प्रेषक: ताई

काकू, हे खरं तर सगळ्यात आधी करायचं.

काकांसाठी अपड्राफ्टप्लस हे ब्लॉगची प्रत काढून ठेवणारं प्लगइन, फुकट आवृत्ती पुरते. ते गूगल ड्राइव्हला जोडा, डेटाबेस आठवड्याला आणि फाइली महिन्याला असं वेळापत्रक लावा. प्रत त्याच सर्व्हरवर ठेवण्यात अर्थ नाही. सर्व्हर गेला की तीही गेली. आणि एकदा ड्राइव्ह उघडून फाइली खरंच पोचल्यात का ते डोळ्यांनी बघा.

तुमच्या ब्लॉगरला सेटिंग्जमध्ये खाली 'बॅक अप कंटेंट' आहे. लेख आणि प्रतिक्रिया एका फाइलमध्ये उतरतात. त्यात फोटो नसतात, फोटोंच्या लिंका असतात, तेव्हा मूळ फोटो स्वतःकडे वेगळे ठेवा. थीमचीही प्रत वेगळी काढावी लागते, थीमच्या पानावर तसा पर्याय आहे. लेबलं छाटणं थांबवा आणि आधी ही फाइल उतरवून घ्या.

— ताई