तंबूतला मुक्काम : शेकोटी आणि भेंड्यांपलीकडे काय?

उंडगी_पावलं
जानेवारीच्या शेवटी अलिबागजवळ ओळखीच्यांच्या वाडीत दोन रात्री तंबू ठोकणार आहोत. सहा मोठे, दोन मुलं (९ आणि १२ वर्षं). शेकोटी, बार्बेक्यू, भेंड्या होतातच. मग नऊ वाजले की सगळे मोबाइल काढून बसतात. रिसॉर्टवर मिळत नाही असं काय करता येईल? खर्च बेताचा हवा.

वालपापडी
जानेवारी आणि अलिबाग म्हणजे पोपटी, म्हणजे मडक्यात पाला घालून जाळावर भाजलेल्या वालाच्या शेंगा! बार्बेक्यूची जाळी घरीच ठेवा.

आठ जणांना वालाच्या शेंगा अडीच-तीन किलो, दाणा भरलेल्या घ्या. कोवळ्या चपट्या शेंगांचा लगदा होतो. लहान बटाटे अर्धा किलो, आठ-दहा अंडी, मूठभर जाडं मीठ, दोन चमचे ओवा. चिकन हवं तर आलं-लसूण-मिरची चोळून केळीच्या पानात गुंडाळा. भांबुर्ड्याचा पाला बांधावर, रिकाम्या शेतात मिळतो, वास उग्र असतो. ओळखता येत नसेल तर वाडीवाल्यांनाच विचारा, भलताच पाला नको. धुऊन पूर्ण निथळू द्या.

मडकं घेताना टिचकी मारा. आवाज खणखणीत हवा. बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे, ते जाळावर फुटणार.

तळाला नि कडेने पाला, मग शेंगा, मधूनमधून मीठ-ओवा, अंडी-बटाटे मधोमध. पाण्याचा थेंबही नको, शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. तोंडाशी पाला असा ठासा की मडकं उपडं केल्यावर आतलं काही हलता कामा नये. उपडं ठेवून भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचून पेटवा. साधारण ३०-४० मिनिटं लागतात. वाऱ्याने जाळ एका अंगाला कलतो आणि वाऱ्याकडच्या शेंगा कच्च्या राहतात, म्हणून त्या बाजूला गोवऱ्या जास्त लावा. मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे; चर्र होऊन लगेच सुकले की झाली पोपटी. अधेमधे उघडून बघू नका, वाफ गेली की गेली. झाल्यावर मात्र लगेच कागदावर ओता, नाहीतर आतल्या आत करपते.

रातकिडा
मुलांसाठी: साधी विजेरी डोळ्यांच्या रेषेत, कानशिलाला टेकवून धरा आणि गवतावरून प्रकाश हळूहळू फिरवा. हिरवट-निळे ठिपके चमकतील, ते कोळ्यांचे डोळे. विजेरी कमरेपाशी धरली तर काहीच दिसत नाही, कारण तो प्रकाश परत विजेरीकडेच फिरतो.

दुसरं, ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी. दगडी गडग्यांच्या फटींवर मारली की विंचू हिरवट-निळा उजळतो. नुकतीच कात टाकलेला मात्र चमकत नाही. ही विजेरी कोणाच्या डोळ्यांवर मारायची नाही, आणि दगड उचलायचे नाहीत. दगड उचलणं हा मुलांचा आवडता उद्योग, तेव्हा आधीच बजावून ठेवा.

उंडगी_पावलं
पोपटी ठरली. विंचवांचं ऐकून बायको म्हणते, मग हॉटेलच बरं. काळजी काय घ्यायची?

रातकिडा
वहिनींना सांगा, विंचू मागे लागत नाही, हात-पाय पडला तरच डंख मारतो. बंद बूट घाला, ते रात्री तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकूनच पाय घाला. तंबूची चेन कायम लावलेली हवी. लाल विंचू चावला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला. औषध लवकर मिळण्याला महत्त्व आहे. जवळचा दवाखाना रात्री उघडा असतो का, ते जाण्याआधीच विचारून ठेवा.

दहिवर
साडेदहाच्या सुमारास दिवे विझवून २० मिनिटं थांबा. डोळे अंधाराला सरावायला एवढा वेळ लागतोच, आणि एकाने मोबाइल उघडला की सगळ्यांची २० मिनिटं पाण्यात. मग दक्षिणेकडे तोंड करा. वर व्याध झगझगतो, त्याच्या बराच खाली अगस्ती. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात. अगस्ती क्षितिजापासून दोन मुठींच्या आत सापडेल, मध्ये माडांची रांग येणार नाही अशी जागा दिवसाच हेरा. लंडनमध्ये जन्म काढला तरी हा तारा दिसत नाही.

तंबूबद्दल एकच. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्यात तर श्वासातली वाफ कापडावर जमून पहाटे अंगावर टपकते. मच्छरदाणी लावूनच, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवा.