मदत हवी आहे: हनिमूनसाठी बेटं, प्राचीन अवशेष आणि समुद्रकिनारे दोन्ही हवेत

निळाई: लग्न तोंडावर आलंय, हनिमूनला ग्रीसला जायचंय आणि कार्यक्रम अजून अधांतरी आहे. एकाच ठिकाणी राहायचं नाही, तीन-चार बेटं करायची आहेत. मला जुने अवशेष बघायचेत, होणाऱ्या नवऱ्याला पोहायला चांगला किनारा हवा. सँटोरिनी नक्की. बाकीची बेटं कोणती आणि कोणत्या क्रमाने? प्रत्येक व्हिडिओत वेगळंच सांगतात, डोकं भणभणलंय. लवकर सांगा प्लीज, बोटींची तिकिटं काढायची आहेत.

होकायंत्र: किती रात्री? कोणता महिना? येणं-जाणं अथेन्सहूनच का? जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो, तेव्हा कॅटामरान, म्हणजे वेगवान जोडबोटी, रद्द होतात. एप्रिलमध्ये पाणी गार असतं. महिना कळल्याशिवाय क्रम सांगण्यात अर्थ नाही.

भटकभवानी: पोहायचंय तर सँटोरिनीवर मुक्काम वाढवू नका. पेरिसा, कामारी इथली वाळू ज्वालामुखीची, काळी. दुपारी पाय भाजतात. नाक्सोस बेट घ्या! आयिओस प्रोकोपिओस आणि प्लाका म्हणजे लांबच लांब वाळू, नितळ पाणी. शिवाय बंदराला लागूनच पोर्तारा आहे, इ.स.पू. सहाव्या शतकात अपुऱ्या राहिलेल्या देवळाचं संगमरवरी दार. अपोलोनासच्या खाणीत १० मीटरहून लांब पुतळा अर्धवट घडवून तसाच सोडलाय, तो बघून मी कितीतरी वेळ तिथून हलले नव्हते.

शिलालेख: सँटोरिनीला कमी लेखू नका. आक्रोतिरी तिथे आहे! कांस्ययुगातलं अख्खं गाव राखेखाली गाडलं गेलं, म्हणून दुमजली-तिमजली घरं आणि गटारंसुद्धा टिकली. वर छप्पर आहे, त्यामुळे भर उन्हातही बघता येतं. विचारणारीला अवशेष हवेत, नुसती वाळू नाही.

भटकभवानी: वगळा असं मी कुठे म्हटलं? दोन रात्री पुरे, एवढंच.

मध्यसागर: ग्रीसच का? माल्टाला जा. गोझो बेटावरची जगन्तिया मंदिरं इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची आहेत. व्हॅलेटा शहर आहे, पोहायला कोमिनो बेट आहे. अंतरं एवढीशी की बॅगा उचलत फिरावं लागत नाही.

निळाई: अहो, विमानाची तिकिटं काढून झालीत! अथेन्सला उतरायचं, अथेन्सहूनच परत. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, १० रात्री. ऱ्होड्स बसेल का? आणि क्रीट? हो, आणि त्याला बोट लागते.

होकायंत्र: बोट लागते हे सगळ्यात महत्त्वाचं! मग जिथे मिळेल तिथे मोठी, संथ फेरी घ्या. पिरेयसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, नाक्सोसला पाच-साडेपाच तास लागतात, पण ती कमी हलते आणि उघड्या डेकवर बसता येतं. ऱ्होड्स सोडा. ते पार तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ, सँटोरिनीहून बोटी मोजक्याच आणि प्रवास लांबचा. माझा क्रम असा: अथेन्स १ रात्र, नाक्सोस ३, सँटोरिनी २, क्रीट ३, परत अथेन्स १. बेटं उत्तरेकडून दक्षिणेकडे होतात, म्हणजे वारा पाठीशी. सँटोरिनी ते क्रीटचं हेराक्लिऑन बंदर कॅटामरानने साधारण दोन तास, तेवढे सोसावे लागतील. तिथून अथेन्सला विमान, तासाभराचं.

मध्यसागर: गोझोची फेरी फक्त २५ मिनिटांची आहे. बोट लागणाऱ्याने तर माल्टाच बघावं.

शिलालेख: क्रीटवर आधी हेराक्लिऑनचं संग्रहालय, मगच क्नोसॉसचा प्राचीन राजवाडा. उलट केलंत तर नुसते दगड दिसतील.

सोनचाफा: क्नोसॉसला दगड कुठे, काँक्रीट दिसतं! आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९०० पासून खोदलं आणि मग लाल खांब, मजले स्वतःच्या कल्पनेने उभे केले. त्यापेक्षा क्रीटवरचाच फेस्टोसचा राजवाडा बघा. तिथे कोणी रंगरंगोटी केलेली नाही.

शिलालेख: आधार दिला नसता तर तो मोठा जिना कोसळला असता. आधी लाकडी आधार दिले होते, ते कुजले.

सोनचाफा: आधार देणं वेगळं आणि रंगवणं वेगळं. बघणाऱ्याला खरं किती आणि नवं किती ते कळायला हवं.

ऋतुरंग: ड्रोन नेणार असाल तर प्राचीन स्थळांवर परवानगीशिवाय उडवू नका.

निळाई: ड्रोन नाहीये आमच्याकडे. होकायंत्र, क्रम आवडला. पण त्याला एलाफोनिसीची गुलाबी वाळू बघायची आहे, हेराक्लिऑनहून जाऊन येता येईल ना? आणि प्राचीन अवशेषांचं डेलॉस बेट राहिलंच की!

भटकभवानी: एलाफोनिसी क्रीटच्या नैर्ऋत्य टोकाला आहे, जायलाच तीन तासांवर जातील. नको. फेस्टोसला जाल त्याच दिवशी पुढे मातला करा. किनारा छान आणि कड्यात कोरलेली जुनी थडगी, दोघांचंही काम होतं. डेलॉसला नाक्सोसहून दिवसभराची सहल जाते. बेटावर मुक्कामाला परवानगी नाही, सावलीही नाही, टोपी आणि पाणी न्याच. पण बोट लहान असते. त्या दिवशी त्याला प्लाकावर राहू दे.

निळाई: हनिमूनला एकटी नाही जाणार मी. गोळी घेऊन येतो म्हणतोय.

होकायंत्र: गोळी बोट सुटण्याआधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग होत नाही. कोणती ते डॉक्टरांना विचारून घ्या. आणि डेलॉस नाक्सोसच्या पहिल्याच पूर्ण दिवशी ठेवा. वाऱ्यामुळे सहल रद्द झाली तर दुसरा दिवस हाताशी राहील.